घरबांधणीलाही बेणेमळा हवा



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा यांवर लिहावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. या अंकात मात्र मी घरबांधणीवर लिहिणार आहे. कृषी पदविकेच्या माणसाने गवंड्याच्या कामात नाक का खुपसावे, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे, की हा लेख विटा-सिमेंटवर कमी आणि कारभारावर जास्त आहे. नवी, फायद्याची गोष्ट माणसांपर्यंत पोचवणे हेच माझे गेल्या वीस वर्षांचे काम. ती गोष्ट उसाच्या फडात पोचते, पण त्याच शेतकऱ्याच्या घरात पोचत नाही, हे मी रोज पाहतो. असे का व्हावे? याचा विचार आताच करायला हवा, कारण आपल्या कारखान्याच्या गट कार्यालयांच्या नव्या इमारतींचा विषय निघालेला आहे. तो नेहमीच्या रिवाजाने मंजूर होऊन गेला, तर पुढची तीस वर्षे आपण तशाच तापणाऱ्या, गळणाऱ्या खोल्यांत बसून उसाच्या नोंदी घेणार आहोत.

रोह्याकडची घरे

मी मूळचा रोहा तालुक्यातला. तो मुलूख भाताचा. ऊस तिकडे रसवंतीपुरता. कुंडलिकेच्या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुनी घरे त्या पावसाला ओळखून बांधलेली असत. दगडी जोते, लाकडी खांब, कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेण-मातीचे लिंपण, उतरते छप्पर आणि वर कौले. गरिबाकडे कौलांच्या जागी पेंढा. दर वर्षी पावसाच्या तोंडावर घराची शाकारणी व्हायची. शेजारचे चार लोक आपल्याकडे यायचे, आपण त्यांच्याकडे जायचे.

आता यातली कारभाराची बाजू पाहा. घराविषयी चार प्रश्न असतात. कसे बांधायचे हे ठरवणार कोण? बांधणार कोण? दुरुस्ती करणार कोण? आणि गळले तर भिजणार कोण? त्या घरांत या चारही प्रश्नांचे उत्तर जवळपास एकच होते : घरचा माणूस. त्यामुळे गेल्या वर्षी कुठला वासा कुजला, कुठल्या बाजूने झड आत आली, हे ज्याला कळले त्याच्याच हातात पुढच्या वर्षीची दुरुस्ती असे. शिकलेले वाया जात नव्हते.

त्या घरांचे फार गोडवे मी गाणार नाही. कुडाला वाळवी लागायची, पेंढ्याला आग लागायची, आणि सारवणाचे कष्ट सारे बायकांच्या कमरेवर पडायचे. ते घर पुन्हा आणा असे म्हणणारा पुरुष स्वतः कधी सारवायला बसलेला नसतो. तेव्हा घर बदलायला हवे होते हे खरेच. प्रश्न एवढाच, की ते कोणी बदलले आणि कशासाठी.

धाटावला औद्योगिक वसाहत झाली, पगाराचा पैसा गावात आला आणि स्लॅबची घरे उठली. स्लॅबचे घर म्हणजे पक्के घर, ही समजूत पक्की झाली. पण सपाट स्लॅब उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, आणि तीन हजार मिलिमीटर पावसात पाच-सात वर्षांत पाझरायला लागतो. मग लोक काय करतात? स्लॅबवर लोखंडी कैच्या उभ्या करून पत्र्याचे छप्पर घालतात. रोहा, पेण, माणगाव, कुठेही जा, स्लॅबच्या डोक्यावर पत्रा दिसेल. म्हणजे एका घराला दोन छपरांचा खर्च! आणि पावसाला उतरते छप्पर लागते हे आजोबांना ठाऊक असलेले शहाणपण नातवाने दुप्पट पैसे मोजून पुन्हा विकत घेतले.

इथे मूर्ख कोणीच नाही. ज्याने स्लॅब ओतला तो सेंट्रिंगवाला पैसे घेऊन पुढच्या कामावर गेला. दोन पावसाळ्यांनी तिथे परत यावे असे त्याला काही कारण नाही. नकाशा काढणाऱ्याने मुंबई-पनवेलच्या इमारतीसारखा नकाशा काढून दिला. चार प्रश्नांची उत्तरे चार वेगळ्या माणसांकडे गेली, आणि भिजणारा तेवढा घरमालक उरला.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. रोहा, मुरुड, श्रीवर्धन, अलिबाग भागांत हजारो घरांची छपरे उडाली, पत्रे आणि कौले मिळेनाशी झाली. पंचनामे झाले, मदत आली. पण पंचनामा हा नेहमी नुकसानीचा असतो. जे छप्पर टिकले ते का टिकले, याचा पंचनामा कोणी करीत नाही. पत्रे कसे बांधले होते, वासे भिंतीला कसे जखडले होते, पडवी वेगळी होती की मुख्य छपराला जोडलेली, हे लिहून ठेवणारे खाते कोणते? असे खातेच नाही. म्हणून पुढच्या वादळासाठी आपण फार थोडे शिकलो.

त्याच जिल्ह्यात २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीयेवर आणि १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. पुनर्वसनाची घरे बांधण्याचे काम एका ठिकाणी म्हाडाकडे आणि दुसऱ्या ठिकाणी सिडकोकडे गेले. दोन्ही संस्था मूळच्या शहरातल्या वसाहती बांधणाऱ्या. संकटात कोणीतरी पटकन काम हाती घ्यावे लागते, त्यात वावगे काही नाही. पण काम कोणाकडे सोपवले यावरून घर कसे होणार हे निम्मे ठरून जाते, एवढे ध्यानात ठेवावे.

पेणचे कारखाने काय सांगतात

रोह्याच्या शेजारीच पेण. गणपतीच्या मूर्तींचे पेण सर्वांना माहीत आहे. पेण शहर, हमरापूर, जोहे या भागात मूर्तींचे कारखाने घरोघर आहेत. तिथे नवा साचा, नवा रंग, नवी घडण निघाली की एका हंगामात या कारखान्यातून त्या कारखान्यात पोचते. का? कारण मूर्ती घडवणारा, विकणारा आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच काम करणारा माणूस एकच आहे. गिऱ्हाईक काय म्हणाले ते त्याच्याच कानावर पडते.

पण त्याच पेणमध्ये शाडूच्या जागी प्लॅस्टर ऑफ पॅरिसही तितक्याच झपाट्याने पसरले. ते हलके, स्वस्त, लवकर वाळणारे. विसर्जनानंतर ते पाण्यात विरघळत नाही, हा तोटा मात्र कारखान्याच्या वहीत कुठेच मांडला जात नव्हता. तेव्हा नुसते नवे पसरणे म्हणजे भले होणे नव्हे. ज्याच्या वहीत फायदा आणि तोटा दोन्ही मांडले जातात, त्याच्याच हातून टिकाऊ सुधारणा होते. घराचेही तसेच आहे. जगभरात माणसाच्या हातून हवेत जो कर्बवायू जातो त्यातला सात-आठ टक्के सिमेंटपायी जातो. विटभट्टीत शेताची वरची सुपीक माती जळते. हा तोटा ठेकेदाराच्या वहीत येत नाही, आपल्या शेताच्या वहीत येतो.

मांडव उठला की शिकवण उठली

आजचे बांधकाम म्हणजे लग्नाचा मांडव झाला आहे. मालक एक, नकाशावाला दुसरा, ठेकेदार तिसरा, त्याचा सेंट्रिंगवाला, गवंडी, फरशीवाला, नळवाला सगळे निराळे. काम संपले की मांडव उठला. या घरी काय चुकले, काय साधले, ते पुढच्या घराच्या मालकाला सांगायला कोणी शिल्लक नसते. पुढचा मालक पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि धोका नको म्हणून शेजाऱ्याने केले तेच करतो.

सरकारी कामात तर आणखी पाय अडकतात. कामाचे अंदाजपत्रक दरसूचीवरून होते. जी वस्तू दरसूचीत नाही तिचा दर लावणे कटकटीचे. दर नाही तर तांत्रिक मान्यता नाही, मान्यता नाही तर निविदा नाही. निविदेत सर्वांत कमी दराला काम, आणि लेखापरीक्षक प्रत्येक बाब दरसूचीशी ताडून पाहणार. शाखा अभियंत्याने धाडस करून नव्या रीतीने बांधले आणि पैसे वाचले, तर वाचलेले पैसे शासनाचे. भिंतीला तडा गेला, तर चौकशी त्याची. अशा मांडणीत कोण शहाणा माणूस नवे करील? ठेकेदाराचा नफा कामाच्या रकमेवर शेकडा असतो. घर स्वस्त झाले तर त्याचे नुकसानच. सिमेंट आणि सळईचे विक्रेते तालुक्या-तालुक्याला बसलेले आहेत. चुना, माती, बांबू, राख यांचा विक्रेता कोण?

औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचे पाहा. तिच्या विटा होतात हे ज्ञान जुनेच होते. पण केंद्राच्या भोवतालच्या वीटवाल्यांनी राख वापरलीच पाहिजे असा आदेश केंद्र शासनाने १९९९ साली काढला, तेव्हा कुठे गाडे हलू लागले. ज्ञान होते. ते अमुक एकाच्या अंगावर जबाबदारी म्हणून पडलेले नव्हते.

बेणे फडापर्यंत कसे येते

आता आपल्या उसाकडे या. को ८६०३२, म्हणजे नीरा, ही जात आज ज्याच्या रानात कधी लागली नाही असा सभासद विरळा. ती १९९६ साली आपल्या राज्यात प्रसारित झाली. ती आपोआप आली का? नाही. कोइमतूरला १९१२ पासून ऊस पैदास केंद्र आहे. पाडेगावला १९३२ पासून संशोधन केंद्र आहे. तिथे वाण पारखून घेतात. मग मूलभूत बेणे, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, अशी तीन पायऱ्यांची उतरंड. मधली पायरी कारखान्याच्या बेणेमळ्याची. बेणेमळ्यावरून गटात, गटातून सभासदाच्या रानात. प्रत्येक पायरीला एक नेमलेला माणूस आहे. पहिली लागण थोड्या क्षेत्रावर होते, त्यामुळे फसली तरी कोणी बुडत नाही. शेतकरी आमच्या भाषणावर विश्वास ठेवत नाही, शेजाऱ्याच्या बांधावर उभे राहून कांडी मोजतो, आणि ते योग्यच आहे.

आणि निरोप उलटही जातो. फुले २६५ ही जात २००७ साली आली. शेतकऱ्याला तिचे टनेज आवडले, पण काही कारखान्यांनी उताऱ्याच्या काळजीने सुरुवातीला नाके मुरडली. भांडण झाले, चर्चा झाली, तोडणी केव्हा करावी हे ठरत गेले. भांडण होऊ शकले, कारण दोन्ही पक्ष एकाच संस्थेत बांधलेले होते आणि पुढच्या हंगामात पुन्हा समोरासमोर येणार होते. ठिबकाचेही तसेच. कारखान्याने हमी घेतली, हप्ते ऊसबिलातून कापून घेतले, तेव्हाच लहान शेतकऱ्याची हिंमत झाली.

तर माझे म्हणणे एवढेच, की घरबांधणीला कोइमतूर आहे, पाडेगावही आहे. बेणेमळा नाही, गट नाही, चिटबॉय नाही. प्रयोगशाळेत जे सिद्ध झाले ते घरापर्यंत आणून पोचवणारी मधली उतरंडच नाही. आणि ती उतरंड ज्यांच्याकडे तयार आहे असे सहकारी साखर कारखाने घर हा आपला विषयच नाही असे धरून बसले आहेत.

जिथे उतरंड उभी राहिली

वर्ध्याला १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. तिथे कुंभाराच्या चाकावर घडवलेली निमुळती पोकळ कौले एकात एक अडकवून कमानीचे छप्पर करण्याची रीत बसवली गेली. लाकूड नको, सळई नको, कुंभाराला काम. चांगली गोष्ट आहे. पण आपल्यापैकी किती जणांनी ते छप्पर डोळ्यांनी पाहिले आहे? संशोधन होते, तळमळ होती. पसरवणारे जाळे नव्हते.

लातूरचे उदाहरण याहून बोलके. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीने जड झालेले माळवद, यांखाली हजारो माणसे गेली. त्यानंतरच्या पुनर्वसनात एकाच कार्यक्रमाच्या पोटात दोन निराळ्या मांडण्या होत्या. बावन्न गावे नव्या जागी हलवली गेली. तिथे घरे बहुतांशी ठेकेदारांनी आणि दानशूर संस्थांनी बांधून दिली. आखलेल्या चौकटीत, शहरातल्या वसाहतीसारखी. कमी नुकसानीच्या शेकडो गावांत मात्र अनुदान घरमालकाच्या हाती दिले आणि दुरुस्ती, मजबुतीकरण त्यानेच करायचे ठरले. तिथे सल्ल्याला अभियंता होता, आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभे केले. कोपरे कसे बांधावेत, भिंतीत आरपार जाणारे दगड का घालावेत, माळवदावरची माती का उतरवावी, हे त्या घरोघर सांगू लागल्या. सगळे सुरळीत झाले असे नव्हे. पुष्कळांनी जुनी भिंत सुधारण्याऐवजी त्याच पैशांत एक नवी खोली बांधली. पण ठरवणारा आणि राहणारा माणूस पुन्हा एक झाला. संवाद सहायक म्हणजे घरबांधणीतल्या शेतकी मदतनीसच म्हणायच्या.

केरळात लॉरी बेकर हे इंग्लंडातून आलेले वास्तुकार त्रिवेंद्रमला राहून स्वस्त आणि थंड घरे बांधत. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची त्यांची भिंत प्रसिद्ध आहे. सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात. पण त्यांचे खरे गुपित भिंतीत नव्हते. ते मध्ये ठेकेदार ठेवीत नसत. रोज कामावर जात, गवंड्याशी बोलत, जागेवर नकाशा बदलत. एकट्या माणसाची रीत त्याच्याबरोबर संपू नये म्हणून १९८५ साली माजी मुख्यमंत्री अच्युत मेनन यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने कॉस्टफोर्ड ही संस्था निघाली, आणि तिने गवंडी, अभियंते तयार केले. त्याच सुमारास कोल्लमला पहिले निर्मिती केंद्र उभे राहिले. साहित्य तयार करायचे, कारागीर शिकवायचे आणि घरही बांधून द्यायचे, ही तिन्ही कामे एका छपराखाली.

केरळातलेच दुसरे उदाहरण आपल्या सहकाराचे. वडकरा भागात १९२५ साली चौदा मजुरांनी उरालुंगल मजूर सहकारी संस्था काढली. आज तिच्याकडे हजारो कामगार आहेत, रस्ते, पूल, इमारती ती बांधते, आणि संचालक हे स्वतः कामगार-सभासद असतात. यंत्र आले तर आपली भाकरी जाईल ही भीती मजुराला असते. इथे यंत्र घ्यायचे की नाही हे मजूरच ठरवतात आणि कोणाला काढायचे नाही हेही तेच ठरवतात, म्हणून यंत्राला आडवे कोणी गेले नाही. आपल्याकडेही मजूर सहकारी संस्था पुष्कळ आहेत, शासनाची कामेही त्यांच्यासाठी राखून ठेवलेली असतात. पण किती संस्थांत मजूर खरोखर सभासद आहे आणि किती ठिकाणी फलकामागे ठेकेदार बसला आहे, हे आपण सर्वजण जाणतो. कागदावरच्या मांडणीने काही होत नाही.

आणि क्यूबा. तो तर उसाचाच देश. १९९० नंतर सोव्हिएत संघाची मदत तुटली, सिमेंटच्या कारखान्यांना इंधन मिळेना. तेव्हा सांता क्लाराच्या विद्यापीठातल्या केंद्राने उसाच्या चोथ्याची आणि पाचटाची राख चुन्याबरोबर दळून गवंडीकामाला चालणारे सिमेंट बसवले. ते विद्यापीठात पडून राहिले नाही. गावोगावी नगरपालिकेच्या पातळीवर लहान कार्यशाळा निघाल्या, तिथे ठोकळे आणि कौले होऊ लागली, आणि चक्रीवादळात पडलेली घरे त्यांतून उठली. स्लॅब-खांबाला ते सिमेंट चालत नाही, भिंतीला आणि गिलाव्याला चालते. अडचण सगळ्यांनाच येते. त्यांच्याकडे विद्यापीठ ते गाव अशी साखळी जुळवली गेली, म्हणून अडचणीतून काही निघाले.

सहकार आहे म्हणून भागत नाही

यावर कोणी म्हणेल, आपण सहकारी आहोत, म्हणजे झालेच. तसे नाही. प्रवरानगरला १९५० साली पहिला गळीत हंगाम घेणारे शेतकरी इंजिनियर नव्हते; विठ्ठलराव विखे पाटलांच्या आणि धनंजयराव गाडगिळांच्या भोवती जमलेली ती साधी माणसे, पण प्रश्न विचारणारी. आज आपल्या वार्षिक सभेत काय होते? अहवाल वाचून दाखवला की मागून आवाज येतो, "मंजूर, मंजूर!" आणि आपण जेवायला उठतो. नवे संचालक मंडळ येते, ते जुन्या मंडळाची योजना गुंडाळून ठेवते. खालच्या गटात काय चालले आहे ते वर पोचायला चार सह्या लागतात. जिथे खालचा माणूस वरच्याला "साहेब, हे जमत नाही" असे म्हणू शकत नाही, तिथे सहकारही ठेकेदारीसारखाच बधिर होतो.

उसात आपण वाचलो, कारण टनेज खोटे बोलत नाही. वजनकाट्यावर दर वर्षी निकाल लागतो. इमारतीला वजनकाटा नाही. तो आपल्याला मुद्दाम बसवावा लागेल.

माझी सूचना

गट कार्यालये सगळी एकदम नव्या रीतीने बांधा, असे मी म्हणत नाही. एकच बांधा. त्याला बेणेमळा समजा.

पहिली गोष्ट, त्या एका इमारतीसाठी ठेकेदाराची निविदा न काढता कारखान्याने स्वतःची गवंड्यांची टोळी उभी करावी. सभासदांची दहा-बारा मुले त्यात घ्यावीत, शिकलेले दोन गवंडी वर नेमावेत, आणि ही टोळी काम संपल्यावर मोडू नये.

दुसरी, नकाशा काढणारा अभियंता, टोळीचा मुकादम आणि त्या कार्यालयात बसणारे शेतकी मदतनीस यांनी दर आठवड्याला एकत्र बसावे. ज्याला उकाड्यात बसायचे आहे त्याला खिडकी कुठे हवी ते विचारावे.

तिसरी, आपल्या बॉयलरची राख. उसाच्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के बगॅस निघतो. तो मला नको; वीजनिर्मितीला त्याची किंमत आहे. ईस्ट लंडन विद्यापीठाने २०२३ साली बगॅसचे बांधकामाचे ठोकळे करून दाखवले, ते चांगलेच आहे, पण आपल्याला तूर्त राख पुरे. बारीक दळलेली राख चुन्याशी बांधली जाते. मात्र प्रत्येक बॉयलरची राख सारखी नसते. म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयातून ठोकळे दाबून, तपासून घ्यावेत आणि मगच भिंतीत घालावेत. तपासणीत नापास झाली तर राखेचा नाद सोडावा. उतरते छप्पर, जाड भिंत, खेळती हवा यांना कोणत्याच तपासणीची वाट पाहावी लागत नाही.

चौथी, तीन पावसाळ्यांची वही. खर्च किती, आतले तापमान किती, कुठे गळले, कुठे तडा गेला, ते लिहून ठेवावे आणि त्याच पत्रिकेत दर वर्षी छापावे, बरे असो वा वाईट. शेजारच्या गटात नेहमीच्या पद्धतीची इमारत होईलच. तिचीही वही ठेवावी. मग बांधावर उभे राहून कांडी मोजता येईल.

पाचवी, हा सगळा खर्च एका वेगळ्या शीर्षाखाली, वरची मर्यादा घालून, वार्षिक सभेच्या ठरावाने मंजूर व्हावा. म्हणजे लेखापरीक्षकालाही आधार राहील, आणि मंडळ बदलले तरी ठराव राहील. अध्यक्षांच्या मर्जीवर चाललेली योजना अध्यक्षांबरोबर जाते.

ऊसतोडणी मजुरांच्या कोप्यांपासून हा प्रयोग सुरू करावा, असे काही मित्रांनी सुचवले. त्यांची तळमळ खरी आहे. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोपीत लेकरेबाळे घेऊन थंडीत राहणे काय असते ते आपण जाणतो, आणि त्यांना पक्का निवारा देणे हे आपले देणे आहे. पण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या डोक्यावर प्रयोग करू नये. आधी आपल्या डोक्यावर. आपले छप्पर तीन पावसाळे टिकले, की मग त्याच टोळीकडून, सिद्ध झालेल्या रीतीने, टोळ्यांचे निवारे बांधावेत. त्या वेळी त्या बायकांनाही विचारावे, चूल कुठे हवी आणि दार कोणत्या बाजूला.

सभासद म्हणतील, यात पैसे फसले तर? एका इमारतीचे फसतील, तेही मर्यादेत. न करता काय होते ते रोह्याकडे मी पाहिले आहे. तिथे प्रत्येक घर आपापले एकेकटे फसले, प्रत्येकाने दुसऱ्या छपराचा खर्च वेगळा केला, आणि एकाचेही शिकलेले दुसऱ्याच्या कामी आले नाही. संस्थेच्या वहीत एक तोटा लिहिला जाणे परवडते. हजार घरांच्या वहीत तोच तोटा हजार वेळा लिहिला जाणे परवडत नाही.

येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत गट कार्यालयांच्या बांधकामाचा विषय असेल. त्या दिवशी "मंजूर" म्हणण्यापूर्वी एखाद्या सभासदाने उठून तेवढे चार प्रश्न विचारावेत : ठरवणार कोण, बांधणार कोण, दुरुस्ती करणार कोण, आणि भिजणार कोण? उत्तरात चार निराळी नावे आली, तर विषय पुन्हा विचारार्थ ठेवण्याची सूचना करावी. ज्या सभासदांना आपल्या मुलाला गवंडीकाम शिकवायचे आहे, किंवा ज्यांच्या जुन्या घराच्या भिंती, छपरे अजून पाहण्यासारखी आहेत, त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव नोंदवावे. मी येऊन पाहीन, आणि सोबत वही आणीन.

आपला,
ऊस विकास अधिकारी